मदत हवी आहे: अमोनियाचा पीएच ८.८७ येतोय, मीटर ११.१ दाखवतोय

०.१ मोलर अमोनियाचा पीएच काढायचा आहे. तक्त्यात अमोनियासमोर पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, कमी म्हणजे तीव्र) ९.२५ आहे. त्यावरून स्थिरांक ५.६×१०^-१० धरला, ०.१ ने गुणून वर्गमूळ काढलं. हायड्रॉक्साइड ७.५×१०^-६, म्हणजे पीएच ८.८७. मीटर बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) तपासलेला आहे, तरी ११.१ दाखवतो. चुकतंय कुठे? आणि पातळ केल्यावर विचरण (रेणूंचं आयनांत रूपांतर) वाढतं, मग आम्लारी (बेस, इथे अमोनिया) जास्त तीव्र झाली म्हणायचं का?

प्रतिसाद १
मीटर बरोबर आहे. ९.२५ अमोनियाचा नाहीच, अमोनियम आयनाचा आहे. म्हणजे संयुग्मी आम्लाचा (अमोनियाने प्रोटॉन घेतल्यावर जे बनतं त्याचा). तक्ते हे सांगत नाहीत आणि घोळ होतो. (अमोनियाने स्वतः प्रोटॉन सोडायचा तर पीकेए तिसाच्या वर जातो.) २५ अंश सेल्सिअसला पीकेए आणि पीकेबी (आम्लारीसाठीचा तसाच आकडा) यांची बेरीज १४. म्हणून पीकेबी ४.७५, आणि आम्लारीचा स्थिरांक केबी १.८×१०^-५. आता ०.१ ने गुणून वर्गमूळ घ्या: १.३४×१०^-३. त्यावरून पीओएच (हायड्रॉक्साइडचा पीएचसारखा आकडा) २.८७, १४ मधून वजा केला की पीएच ११.१३.

प्रतिसाद २
तो १४ फक्त २५ अंशांचा. ६० अंशांना बेरीज साधारण १३ भरते, तिथे हे सूत्र डोळे झाकून लावू नका.

पातळ केल्याने तीव्रता बदलत नाही, केबी तोच राहतो. ०.१ मोलरला विचरण १.३ टक्के, ०.००१ मोलरला १२.५ टक्के. मात्र वर्गमूळाची पळवाट इथे बंद होते: ती १३.४ टक्के देते. विचरण ५ टक्क्यांच्या पुढे गेलं की वर्गसमीकरणच सोडवा.

प्रश्नकर्ता
कळलं, उलटा स्थिरांक घेतला होता. मग तक्त्यात ॲनिलिनसमोरचा पीकेए ४.६ म्हणजे ती अमोनियापेक्षा दुबळी आम्लारी?

प्रतिसाद १
हो, पीकेबी ९.४. नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी बेंझीन वलयात विखुरते, प्रोटॉनला सहज मिळत नाही. मिथिलअमाइनमध्ये उलट, मिथिल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो, पीकेबी ३.४.

प्रतिसाद ३
केबी स्वतः मोजायचा असेल तर २५ मिली ०.१ मोलर अमोनियात १२.५ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. अर्धं उदासिनीकरण झालं की पीएच म्हणजेच अमोनियमचा पीकेए. बाटली उघडी ठेवू नका, अमोनिया उडतो आणि अंतिम बिंदू (पूर्ण उदासिनीकरणाचा क्षण) लवकर येतो. तो बिंदू रंगावरून ओळखायचा तर दर्शक मिथिल रेड घ्या. अंतिम बिंदू पीएच ५.३ च्या आसपास असतो. फिनॉल्फ्थॅलिन या दुसऱ्या दर्शकाचा रंग त्याच्या खूप आधीच हळूहळू उडून जातो.