मदत हवी आहे: पुतणीला जुलैत स्पॅनिश शिकायला सलामांकाला पाठवायचं आहे, शेतीचं उत्पन्न व्हिसासाठी दाखवायचं कसं?

बांधावरचा मास्तर

नमस्कार मंडळी,

मी वरूड तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. प्रश्न माझ्या पुतणीचा आहे. ती पुण्यात एम.कॉम. करते आणि सोबत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकते. ए-टू पातळी झाली आहे (युरोपीय मोजपट्टीवरची दुसरी पायरी, पुढे बी-वन, बी-टू). आता तिला स्पेनमधल्या सलामांका विद्यापीठाचा उन्हाळी भाषावर्ग करायचा आहे, जुलैचे चार आठवडे. जावं की जाऊ नये हा विषय घरात संपला आहे, त्यामुळे कृपया त्यावर पुन्हा चर्चा नको. आजीसुद्धा तयार झाली. गावात कुणी विचारलं तर मी "पुण्याच्या थोडं पुढं" एवढंच सांगतो.

अडलं आहे ते कागदावर. मोठा भाऊ, म्हणजे मुलीचे वडील, पूर्णवेळ शेतकरी. संत्र्याचा बगीचा आहे, थोडी तूर-कपाशी. आयकर विवरण कधी भरलेलं नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. व्हिसाच्या यादीत मात्र तीन वर्षांचं आयटीआर आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतात. स्टेटमेंटची गंमत अशी की मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) बगीचा व्यापाऱ्याला दिला तेव्हा इसाराची (आगाऊ) रक्कम आली, तोड झाल्यावर मार्चमध्ये बाकीची एकदम जमा झाली. त्याआधी महिनोन्‌महिने खात्यात खताची उधारी फेडण्यापुरतेच पैसे दिसतात. ज्याला आमच्याकडचा हिशेब माहीत नाही त्याला हे पैसे कुणीतरी उसने आणून भरल्यासारखे वाटतील.

दुसरी अडचण, सातबारा अजून वडिलांच्या (म्हणजे मुलीच्या आजोबांच्या) नावावर आहे. ते वारले, वारस फेरफार राहिला.

मी पगारदार आहे, फॉर्म १६ आहे, दरवर्षी रिटर्न भरतो. मग प्रायोजक म्हणून काकाचं नाव चालतं का? की वडीलच हवेत? एजंटला विचारलं तर तो म्हणाला "खात्यात पाच लाख फिरवून देतो, टेन्शन घेऊ नका." तिथून आम्ही उठून आलो.

अजून एक. पोरगी अंडं खाते (तिच्या आईला माहीत नाही, आणि ती इथं वाचत नाही), पण मांस-मासे नाही. महिनाभर निभेल का?

आणि भाऊ मध्येच म्हणतो, "जायचंच आहे तर व्हॅलेन्सियाला का नाही, तिथं संत्री तरी आहेत." यावरही कुणी बोलावं.

काळी माती

मास्तर, माझे वडील दारव्ह्याकडे कपाशीवाले. मी शिकायला युरोपात गेलो तेव्हा याच चरकातून गेलोय.

पहिली गोष्ट, आयटीआर नाही म्हणजे अर्ज बाद असं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे एका पानाच्या पत्रात सरळ लिहायचं आणि त्याला पुरावे लावायचे: सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, व्यापाऱ्याशी झालेला सौद्याचा कागद, बाजार समितीच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या). सी.ए.कडून मागच्या तीन वर्षांच्या शेती उत्पन्नाचं प्रमाणपत्र घ्या. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं हवीत, नोटरी केलेली. तलाठ्याचा शिक्का मुंबईच्या वकिलातीत कुणी वाचणार नाही, भाषांतर वाचतील.

दुसरी, मार्चमधली मोठी रक्कम लपवायची नाही, उलट बोट ठेवून दाखवायची. स्टेटमेंटवर त्या नोंदीपुढे पेन्सिलने क्रमांक टाका आणि पत्रात लिहा की क्रमांक एक म्हणजे इसार, क्रमांक दोन म्हणजे तोडीनंतरची बाकी, सौदापावती अमुक पानावर. संशय आकड्याचा नसतो, न सांगितलेल्या आकड्याचा असतो. मागच्या वर्षाचंही स्टेटमेंट लावा, म्हणजे त्याच महिन्यांत तसाच पैसा आलेला दिसेल. बगीच्याचं चक्र त्यांना एका नजरेत कळतं.

तिसरी, वारस नोंदीचा अर्ज आजच द्या. नोटिशीची १५ दिवसांची मुदत असते, त्यात हरकत आली नाही तर फेरफार मंजूर होतो. प्रत्यक्षात जास्त दिवस धरा. आत्यांची नावं चढतील, चढू द्या, त्यानं व्हिसाचं काही बिघडत नाही. ई-पीक पाहणीत (सरकारी पीक नोंदीत) संत्रा नोंदवलाय ना तेही बघा. बगीचा उभा आहे आणि सातबाऱ्यावर पडीक, असं आमच्या शेजारच्याचं झालं होतं.

प्रायोजक मुख्यतः वडीलच ठेवा. तुम्ही सहप्रायोजक राहा. तुमची पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि नातं सिद्ध करणारे कागद: तिचा जन्मदाखला, तुमच्या आणि भावाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरचं वडिलांचं नाव. तुम्ही मास्तर आहात, दाखले कुठल्या कपाटात असतात ते तुम्हाला सांगायला नको.

एजंटबद्दल बरोबर केलंत.

शेवंती

काका, मी स्वतः सलामांकाचा जुलै वर्ग केला आहे, म्हणून राहण्या-शिकण्याचं सांगते.

पहिल्या दिवशी पातळी तपासायची परीक्षा होते आणि त्यावरून वर्ग ठरतो. ए-टूचं प्रमाणपत्र आहे म्हणून बी-वनलाच बसवतील असं नाही. आपल्याकडे व्याकरण पक्कं आणि बोलणं कच्चं असतं, तिथे उलटी पोरं असतात. सकाळी वर्ग, दुपारी कधी व्याख्यान, कधी गावातून फेरी. वर्गात अमेरिकन, ब्राझिलियन, जपानी. मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीवर येतात आणि तिथेच पैसे वाया जातात. तिला सांगा, राहायचं तर वसतिगृहात नाही, यजमान कुटुंबाकडे. माझी सेन्योरा, म्हणजे घरमालकीण, साठीची होती. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि चूक झाली की ती पोळीचं लाटणं नाही पण हातातला चमचा वर करून वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. जेवणाच्या टेबलावर भूतकाळाची दोन्ही रूपं मला तिनेच घोटून दिली.

उच्चारांची काळजी नको. आपले त, द, र त्यांना जवळचे आहेत, इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना तिथे घाम फुटतो. आपला घाम क्रियापदांवर निघतो.

दिवसाचं वेळापत्रक मात्र समजून जा. दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं साडेनऊच्या पुढे. दुपारी दुकानं बंद. जुलैत सूर्य जवळपास दहाला मावळतो, त्यामुळे आजीला रात्री फोन केला तर मागे ऊन दिसेल आणि ती घाबरेल. गाव साधारण ८०० मीटर उंचीवर, दुपार तापते पण रात्री गारवा येतो. वरूडच्या मे महिन्यापुढे ते ऊन काही नाही, पण एक जाड स्वेटर द्या.

जेवण: नुसतं "शाकाहारी" म्हटलं तर सॅलडमध्ये ट्यूना येतो, कारण मासा म्हणजे मांस नाही असा तिथल्या बऱ्याच जणांचा समज. खामोन, म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस, ते तर भाजीवरही भुरभुरतात. घर निवडताना अर्जातच लिहायचं: मांस नाही, मासा नाही, खामोन नाही. तिन्ही वेगवेगळं. अंडं चालतं म्हणजे अर्धी लढाई जिंकली, बटाटा-अंड्याची जाड तोर्तिया (ऑम्लेट) रोज कुठेही मिळते. मसूर आणि काबुली चणे घरोघरी शिजतात, फक्त त्यात चोरीसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नाही ना हे विचारायचं. गोडा मसाला आणि तिखटाची पुडी बॅगेत टाका.

आणि हो, विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक छोटा बेडूक कोरलाय. तो कुणी न दाखवता सापडला तर परीक्षा पास होतो म्हणतात. विद्यापीठ १२१८ सालचं, त्यामुळे आठशे वर्षं पोरं त्या गावात नापास होत आली आहेत.

अण्णा सरळमार्गी

स्पष्ट बोलतो, राग नसावा. चार आठवड्यांत भाषा येत नाही. तीन-साडेतीन लाखांत दिल्लीच्या इन्स्टिट्यूतो सर्वांतेसचे (स्पेन सरकारच्या भाषासंस्थेचे) किती वर्ग होतील? पुण्या-हैदराबादच्या कंपन्या बी-टू मागतात, "स्पेनला जाऊन आले" असं म्हणून कुणी नोकरी देत नाही. स्पॅनिशची देले परीक्षा द्या, तिचं प्रमाणपत्र कायम चालतं. सिएले या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षांनी संपतं.

बांधावरचा मास्तर

अण्णा, राग नाही. पण जावं की नाही हा प्रश्न नव्हता. परीक्षेचं तुमचं पटतं. परत आल्यावर, भाषा तोंडात ताजी असताना देले बी-वन द्यायची असं ठरवू.

राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून होईल का असं कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, महिनाभराच्या भाषावर्गाला लागू नाही. इथे खिसाच आहे.

काळी माती

खिशाचा विषय निघालाच आहे तर: स्पेनचा नियम असा की पाहुण्याकडे तिथल्या मासिक किमान वेतनाच्या दहा टक्के इतकी रक्कम दर दिवसाला हवी. २०२५ साली किमान वेतन १,१८४ युरो होतं, म्हणजे दिवसाला सुमारे ११८ युरो. चार आठवड्यांचे तीन हजार तीनशेच्या वर गेले. युरोचा चालू दर धरा आणि हिशेब करा. फी आणि राहणं-जेवण आधीच भरलं असेल तर त्या पावत्या ठळक जोडा.

फी पाठवायला गावातल्या शाखेत जाऊ नका, परकीय चलनाचं काम बहुतेक तिथे होत नाही. अमरावती किंवा नागपूरची मोठी शाखा गाठा. वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर) कापत नाहीत.

कोर्स ९० दिवसांच्या आतला आहे, म्हणजे शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो, विद्यार्थी व्हिसा नको. फी ९० युरो, नाकारला तरी परत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, पण एप्रिल-मेमध्ये सगळा देश युरोपला निघतो आणि तारखाच मिळत नाहीत. परत येणार याचा पुरावा म्हणून कॉलेजचं बोनाफाइड आणि पुढच्या सत्राची फी भरल्याची पावती लावा. एकट्या पोरीच्या पहिल्याच अर्जात त्यांची नजर तिथे जाते.

मृग बहार

मास्तर, मोर्शीहून बोलतो. तुमच्या भावाचा प्रश्न सगळ्यांनी सोडून देल्ला, मंग मीच सांगतो. आमच्या गटासोबत व्हॅलेन्सिया पाहून आलो.

जुलैत तिथं पाहाले काय भेटन? झाडावर हिरवं फळ, आपल्या आंबिया बहारासारखंच (हिवाळ्याच्या शेवटी फुलते तो). तोड सुरू होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाहाची गोष्ट दुसरीच हाय. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचं न्यायालय बसते. कालव्याचे शेतकरीच न्यायाधीश, शेतकऱ्यायनंच निवडलेले. कोणी पाणी चोरलं, कोणी पाळी मोडली, तोंडी तक्रार, तोंडी निकाल, वकील नाही. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याले वारशात घेतलं. आपल्याकडे पाटाच्या पाण्यावरून तीन पिढ्या कोर्टात हायेत बावा.

पण पोरगीले शिकाले तिथं पाठवू नोका. रस्त्याच्या पाट्या व्हॅलेन्सियन भाषेतही असते, शिकणारा गोंधळते. सलामांकाच बरं.

शेवंती

मृग बहार म्हणतात ते बरोबर. वर्ग संपल्यावर तीन-चार दिवस जास्त ठेवा, व्हिसाच्या कार्यक्रमपत्रिकेत ते आधीच दाखवा. माद्रिद ते व्हॅलेन्सिया जलद गाडीने दोन तासांच्या आत. फक्त मधला एक दिवस गुरुवार येईल असं बघा.

बांधावरचा मास्तर

सगळ्यांचे आभार. भावाला मृग बहार यांचं उत्तर वाचून दाखवलं. पोरगी कुठं शिकेल हे तो आता विचारत नाही, पाण्याच्या न्यायालयाचा व्हिडिओ काढून आण म्हणतो.

वारस नोंदीचा अर्ज दिला. दोन्ही बहिणी सही करायला स्वतः आल्या, जेवून गेल्या. व्यापाऱ्याकडून सौद्याचा कागद मात्र निघता निघत नाहीये, "मास्तर, आपल्यात कुठं कागद असतो" म्हणतो. काळी माती, कागद नसेल आणि रक्कम बँकेतूनच आलेली असेल तर व्यापाऱ्याच्या लेटरहेडवर साधं पत्र चालेल का? त्यावर त्याचा पॅन हवा का?

आणि तिकिटाचं कुणाला माहीत असेल तर सांगा: नागपूरहून दोहामार्गे माद्रिदला जाणं सोयीचं, की मुंबई गाठून तिथून? आजीचं म्हणणं नागपूरहूनच, तिला विमानतळावर यायचं आहे.