सोसायटीत जिमला जागा आहे, मग दिव्यांगांच्या मदतनिसांना का नसावी?

पवनाकाठ
पिंपरी-चिंचवडच्या रावेत, पुनावळे, वाकड, ताथवडे या पट्ट्यात टॉवरवर टॉवर उभे राहिले. रॅम्प झाले, मोठ्या लिफ्ट आल्या, काही ठिकाणी दिव्यांगांचं पार्किंगही आखलंय. पण ज्याला पलंगावरून खुर्चीत बसायलाच दुसरं माणूस लागतं, तो त्या रॅम्पपर्यंत पोचणार कसा?

माझ्या भावाच्या मानेच्या मणक्याला अपघातात मार बसला. सकाळी शौच, अंघोळ, कपडे, मग खुर्चीत बसवणं, यात सलग दोन तास जातात. पुढे दिवसभर थोडं थोडं काम असतं. दर चार-पाच तासांनी कॅथेटर घालून लघवी काढायची. आडवा असेल तर दोन-दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते, आणि ती खोल गेली की महिनोन्महिने भरत नाही. हातातून मोबाइल पडला तर तोही उचलून द्यायला कुणीतरी लागतं. सगळं मिळून काम चार-पाच तासांचं, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत विखुरलेलं. घरी मदतनीस पाठवणारे ब्युरोवाले मात्र बारा तासांची नाहीतर चोवीस तासांची ड्यूटीच देतात. मग एकतर सत्तरीला टेकलेल्या आईने त्याला उचलायचं, नाहीतर घरातला एक पगार ब्युरोला द्यायचा.

माझं म्हणणं असं, की मोठ्या सोसायटीने, किंवा शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून, शिकलेले मदतनीस सामायिक ठेवावेत. २०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं. ४०० फ्लॅटमध्ये १,४०० माणसं धरली तर सरासरीने तीसेक जण होतात. बसायला खोली सोसायटीने द्यावी, पगार महापालिकेने. स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचाच असतो.

बी विंग
तीस हा आकडा धरून चालणार नाही. त्यात कमी ऐकू येणारेही आले, कमी दिसणारेही आले. रोज उचलावं लागतं असे आमच्या सोसायटीत दोन-तीन असतील.

मी खजिनदार आहे, म्हणून सांगतो. उचलताना माणूस पडला, मांडीचं हाड मोडलं, तर तक्रार कुणावर होणार? कमिटीवर. कमिटीतले सगळे नोकरी सांभाळून बिनपगारी काम करतात. इथे टँकरच्या बिलावरून दर महिन्याला वाद होतात. आज दिव्यांगांसाठी माणूस ठेवला की उद्या आजी-आजोबांसाठी मागणी येणार, आणि तीही रास्तच असेल. सोसायटीने इमारत सांभाळावी. अंगमेहनतीची शुश्रूषा हे वेगळं काम आहे, ते अर्धवट माहितीवर करायला घेणं धोक्याचं आहे.

पवनाकाठ
दोन-तीनच निघाले तरी त्या प्रत्येक घरात कुणीतरी नोकरी सोडून बसलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती बाईच असते. तिचा हिशेब मेंटेनन्सच्या बिलात कधी दिसत नाही.

जबाबदारीचा मुद्दा मान्य, म्हणूनच नेमणूक महापालिकेची हवी. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दीर्घ आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण आणलं आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना बघू लागल्या. तिथली पंचायत जे करते ते आपल्या महापालिकेला का जमू नये? आजी-आजोबांनाही मदत मिळाली तर मला आनंदच आहे.

चाकांवर
मी स्वतः व्हीलचेअर वापरतो आणि या कल्पनेला माझा विरोध आहे. कारण पैशांचं नाही.

मला अंघोळ कोण घालणार हे मी ठरवणार. आज हा, उद्या तो, असं रोज नवं माणूस माझ्या बाथरूममध्ये आलेलं मला चालणार नाही. माझा मदतनीस मला कुठल्या बाजूने धरायचं ते जाणतो. पाय अचानक ताठले तर घाई न करता थांबतो. हे शिकवायला वेळ जातो. शिवाय सोसायटीने माणूस दिला की तो किती वाजता येणार हेही सोसायटीच ठरवणार. मी रात्री साडेअकराला सिनेमा बघून आलो तर मला झोपवणार कोण?

पैसे माझ्या हातात द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्याच कलमात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पळवाटही आहे, आणि बहुतेक सरकारं तिथूनच निसटतात. संजय गांधी निराधार योजनेत आता दिव्यांगांना महिना २,५०० रुपये आहेत, तेही उत्पन्नाच्या अटीत बसलं तर. एवढ्यात मदतनीस आठवडाभरही येणार नाही. पण पूर्ण अपंगत्व आलेल्या जवानाला सोबतीच्या माणसासाठी वेगळा भत्ता मिळतो; सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये झाला. म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे. सीमेवर जखमी झालेल्याला जे मिळतं ते मिळालंच पाहिजे, आणि हायवेवर जखमी झालेल्याचीही कूस दोन तासांनीच बदलावी लागते.

सकाळची पाळी
मी हेच काम करते. ब्युरोकडून जाते. तुम्ही सगळे माणूस ठेवायचं म्हणताय, त्या माणसाचंही ऐका.

पेशंटच्या घरचे जे देतात त्यातला हिस्सा ब्युरो कापतो. सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे जातात. एका जागी गेटवर माझी पिशवी रोज तपासायचे, आणि डबा जिन्यात बसून खायला लागायचा. ऐंशी किलोचा माणूस एकटीने उचलून माझी कंबर धरली, तेव्हा औषध माझं मीच घेतलं.

चाकांवर दादांना माणूस आपल्या पसंतीचा हवा, हे बरोबर. पण दर महिन्याला त्यांच्या हातात पैसे आले तरी माझा पीएफ कोण भरणार? पवनाकाठ ताईंच्या योजनेत एका इमारतीतून दुसरीत दहा-दहा मिनिटांसाठी पळायचं असेल तर मला ते जमणार नाही. एका बाईला तीन घरं, त्याच्यावर नको. महापालिकेचं ओळखपत्र आणि पगार मिळाला तर मी उद्या येते.

बी विंग
तीन घरांना एक आणि पगार महापालिकेचा, असं असेल तर क्लब हाउसच्या मागची खोली द्यायचा ठराव मी स्वतः मांडेन. गेटवरच्या तपासणीचंही बघतो. भरती आणि विमा मात्र सोसायटीच्या नावावर नको, यावर मी ठाम आहे.

चाकांवर
खोलीला हरकत नाही. पण त्या मदतनिसांपैकी माझ्याकडे कोण येणार ते मी निवडणार, आणि न पटल्यास बदलून मागणार. हे लेखी हवं.

अबोली
माझा मुलगा २६ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नाही. 'कोण हवं' ते तो बोलून सांगू शकत नाही, चेहऱ्यावरून मला कळतं. आणि इथे सगळे दिवसाचंच बोलताय. रात्री दोनला आणि चारला मी उठते. त्या वेळेला तुमच्या खोलीत कोण असेल?