सासूबाईंनी कापसाचे पैसे ‘विश्वासाचं बी’ म्हणून टाकले, आणि आता म्हणतात माझाच विश्वास कमी पडला

वावरातली सून (दिग्रस तालुका)

सर्वांना जय ख्रिस्त. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

आमचं चार एकर कोरडवाहू. कापूस, आणि मधे तुरीचे तास. मागच्या हंगामात पहिल्या वेचणीचा कापूस खेडा खरेदीवाल्याला दिला. त्यातले थोडे पैसे सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ठेवले होते, तुरीच्या फवारणीसाठी. त्याच सुमारास तालुक्याला मंडप टाकून चंगाई सभा झाली, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायची सभा. प्रचारक बाहेरगावचे. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी पाकिटं वाटली. पाकिटावर ओळी छापलेल्या होत्या: नाव, मागणी, रक्कम. ‘विश्वासाचं बी पेरा, शंभरपट घ्या’ असं माइकवर चाललं होतं. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका पोरीकडून मागणी लिहून घेतली: कापूस, गुडघे, धाकट्याची भरती. आणि डब्यातले होते नव्हते ते सगळे पैसे त्यात घातले.

मला हे घरी आल्यावर कळलं. मी काही बोलले नाही. त्यांच्या हाताने वेचलेला कापूस, त्यांचे पैसे.

पुढे काय झालं ते इकडच्या कोणालाही सांगायला नको. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलणारी फुलं, दिसायला लागल्या तेव्हाच मनात चर्र झालं होतं. बोंडं वरून हिरवीगार, फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी आणि सरकी खाल्लेली. नंतरच्या वेचण्यांना निम्मा कापूस कवडी, म्हणजे किडका न फुललेला, निघाला. गुडघे आहेत तसेच. दीर भरतीत मैदानी चाचणी पास झाला, लेखीत गेला.

यजमान म्हणतात, लुबाडलं. त्यांनी रविवारी उपासनेला येणंच बंद केलं. त्यांचा राग मला समजतो. सासूबाईंचं मात्र समजेना. त्या म्हणतात, ‘देताना माह्या मनात शंका आलती बाई. थे देवानं पाह्यली.’ ज्या बाईला गीतपुस्तकातली निम्मी गाणी पुस्तक न उघडता येतात, ती आता मागे चपलांपाशी बसते आणि ओठसुद्धा हलवत नाही. ‘साक्ष कोणाची आहे?’, म्हणजे देवाने काय केलं ते कोण सांगणार, असं विचारलं की मान खाली घालते.

त्यांना काय सांगू? आमच्या पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) बरीच गावं, महिन्यातून एकदा येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, प्रार्थना करत राहा. तेवढ्यात यष्टी आली.

आणि खरं सांगायचं तर दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. दीर पहाटे डांबरी रोडवर पळायला जातो, तेव्हा चूल पेटवताना मीही म्हणते, प्रभू, याचं एकदा होऊन जाऊ दे. मग पाकिटात लिहिणं आणि चुलीपाशी मागणं, यात फरक तो काय राहिला?

दारव्हेकर

ताई, तुमच्या सासूले माहा सलाम सांगा. पैसे गेले थे गेले. थ्या मानसाच्या मागं लागू नका, फोन उचलत नाई थे लोकं.

पन बी म्हणते बाप्पा! आमाले बी शिकवते! एकाच थैलीतलं बियानं माह्या वावरात निघते आन् धुऱ्यापलीकडं जळून जाते. पानी, जमीन, कीड, सारं पाहा लागते. येशूनं सांगतलेल्या दाखल्यात बी काई वाटंवर पडलं, काई खडकाळीत, काई काट्यात. आन् थ्या दाखल्यातलं बी म्हंजे वचन हाय, असं त्यानंच पुढं फोडून सांगतलं. बायबलातल्या मार्काच्या पुस्तकाचा चवथा अध्याय काढून पाहा. नोटाईचा त्यात कोठी उल्लेख नाई.

मले राग कायचा येते सांगू? गावात अजूनई एखादा टोमणा मारते का हे लोकं पैशापायी किरिस्ताव झाले. माह्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला. १९५० चा राष्ट्रपतीचा आदेश हाय, त्याच्यानं आमचा अनुसूचित जातीचा दाखला गेला. शीखायले १९५६ मंधी घेतलं, बौद्धायले १९९० मंधी, ख्रिस्ती अजून बाहेरच. शेजारच्या पोट्ट्याले मिळते थे माह्या पोट्ट्याले मिळत नाई. फायद्यासाठी झालो असतो त आमच्यासारखे येडे आमीच! आज्याले मी लहानपनी इचारलं होतं, काऊन झाले तुमी? थो म्हणे, ‘त्यानं मले नाव घेऊन बलावलं.’ झालं. दुसरं कारन त्याच्यापाशी नोतं. आन् आता आमच्याच मंडपात, आमच्याच माइकवर कोनी शंभरपटीचा भाव सांगते, मंग गावाले काय तोंड दाखवावं?

शुभवर्तमान, मोर्शी

दारव्हेकर, सगळ्या सभांना एका मापाने मोजू नका. माझी पत्नी डॉक्टरांनी आशा सोडलेली असताना उठून बसली आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. देव आजही देतो. बायबलातल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशांशाबद्दल, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या हिश्शाबद्दल, तो स्वतः म्हणतो की मला पारखून पाहा. याकोबही म्हणतो, तुम्हांला मिळत नाही कारण तुम्ही मागत नाही. ताईंच्या सासूबाईंनी धीर सोडू नये, देवाची वेळ वेगळी असते.

जुन्या बाई, परतवाडा

सूनबाई, मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलांची बायबल शिकवायची शब्बाथशाळा अजून घेते, त्यामुळे बोलायला लागले की थांबत नाही. आधी मोर्शीच्या भाऊंशी बोलते.

भाऊ, तुमची पत्नी बरी झाली याचा आनंदच आहे, आणि ती साक्ष तुम्ही द्यावीच. पण याकोबाचं पुढचं वचन का सोडलंत? तिथे तो म्हणतो, मागता तरी मिळत नाही, कारण आपल्या चैनीवर खर्चायला मागता. आता सासूबाईंचे गुडघे म्हणजे काही चैन नव्हे, त्यांना ते लागू नाही. पाकीट छापणाऱ्याला लागू आहे की नाही, ते तुम्हीच पाहा. मलाखीतला दशांशही शेतातल्या पिकाचा, मंदिराच्या कोठारासाठी होता. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षी तो दशांश आपल्याच गावात ठेवायला सांगितलाय, लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. बाईच्या डब्यातले फवारणीचे पैसे काढून गाडीने तालुक्याबाहेर न्यावेत, असं त्यात कुठे सापडलं तर मलाही दाखवा. त्या सभेत विधवेच्या दोन दमड्यांचा दाखला नक्की दिला असेल, देतातच. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या दमड्यांच्या अगदी वर काय आहे? विधवांची घरं गिळणारे आणि ढोंगाने लांब प्रार्थना करणारे शास्त्री. ते तेवढं वाचून का दाखवत नाहीत कोण जाणे.

आता सूनबाई, तुमच्या चुलीपाशी येते. मागावं. ज्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं, ती म्हणणाऱ्याला मागण्याची लाज कशाला? पण त्या प्रार्थनेत भाकरीच्या आधी काय येतं ते पाहा. तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. पाकिटावर तुमचं नाव, तुमची मागणी, तुमची रक्कम. देवाला तिथे बसायला जागाच नव्हती हो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही मागितलं, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून. टळला नाही. तरी ज्याच्याकडे मागत होता त्याला तो शेवटपर्यंत बाप म्हणत राहिला. दिराचं नाव तुम्ही रोज घ्या. फक्त यादी लागल्यावर, नाव असो नसो, दुसऱ्या दिवशी चूल पेटवताना त्याच्याशी बोलणं चालू आहे ना, एवढं स्वतःशी बघा.

योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर माणसं दुसऱ्या दिवशी होड्या घेऊन त्याला शोधत पलीकडे आली. येशू त्यांना म्हणाला, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. आणि भाकर म्हणून त्याने स्वतःलाच पुढे केलं. तेव्हा पुष्कळ शिष्य निघून गेले. कोणाला आवडणार? आम्ही मंडळीत (चर्चमध्ये) हा अध्याय वाचतो तो भाकरीपर्यंतच वाचतो, माणसं उठून जातात तिथपर्यंत पोचतच नाही.

आमच्या इकडे कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल आहे. नोकरीत असताना मी तिथल्या नाताळाच्या उपासनेला जायची. गोळ्यांनी रोग जातो, झडलेली बोटं परत येत नाहीत. एक म्हातारे होते, गीतपुस्तक दोन्ही तळहातांत धरायचे आणि पान मनगटाने उलटायचे. एखादे वेळी दोन पानं एकदम उलटली जात, मग थांबून एक परत आणायचे, तोवर बाकीचे कडव्याच्या पुढे गेलेले असत. हे त्यांचं राहिलेलं कडवं एकटेच पूर्ण करत, सावकाश, आणि पेटीवाल्याला थांबावं लागे. त्यांना कोणी कधी साक्षीला पुढे बोलावलं नाही. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काय होतं? बोटं तर आली नव्हती.

लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि परत एकच आला. नऊ जणांनी काही वाईट केलं नाही, त्यांना जे हवं होतं ते मिळालं आणि ते घरी गेले. एकाला येशू हवा होता.

दारव्हेकरांनी आजोबांचं सांगितलं, तसंच एक मोठं नाव सांगते. कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. मिळालं काय? जात गेली, नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. पुढे १९१७ साली मिशनचा पगारही त्यांनी स्वतःहून सोडला. आपल्या तोंडी बसलेली कितीतरी गाणी या माणसाची. सासूबाईंना जी पाठ आहेत त्यातही असणारच.

आणि ती शंका. हे मात्र सासूबाईंना आजच वाचून दाखवा, मार्काचा नववा अध्याय. आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका दमात. येशूने त्याला आधी शंका काढून ये असं सांगितलं नाही, पोरगं बरं केलं. उलट प्रेषित पौल. शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायची कोणाची छाती आहे? म्हणजे शंका असून मिळालं, विश्वास असून मिळालं नाही. मापं लावून देव वाटप करतो हा हिशोबच तिथे मोडतो. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य सभा घेणाऱ्यांना फार सोयीचं आहे, जबाबदारी नेहमी पैसे देणाऱ्यावरच राहते.

एक करून बघा. कापणीच्या सणाला तुमच्याकडे लिलाव होत असेल ना, कोहळे, तुरीच्या शेंगा, अंडी? त्याआधी हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायातली शेवटची वचनं वाचायला घ्या. अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ज्याचं पीक आलं त्याला नव्हे, ज्याचं गेलं त्याला उभं करा. सासूबाईंना वाचता येत नसलं तरी पाठ होईल. गाणी झालीत तशी.

शुभवर्तमान, मोर्शी

बाई, मार्क बारा मी त्या क्रमाने कधी वाचलं नव्हतं. पाकिटांचं पटलं. सभांबद्दल मी माझं मत बदललेलं नाही.

वावरातली सून (दिग्रस तालुका)

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाकरी झाल्यावर मार्क नऊ वाचून दाखवला. सासूबाईंनी मला त्या बापाचं वाक्य परत वाचायला लावलं, मग विचारलं, ‘पोरगं खरंच बरं झालं त्याचं?’ झालं म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मंग माह्ये गुडघे काऊन नाई?’ मी पौलाचं सांगितलं. त्यावर, ‘थो त लय मोठा मानूस होता, त्याचं निभलं. माहं कसं निभल?’ एवढं बोलून झोपल्या. म्हणजे पटलं असं म्हणता येत नाही. पण महिनोन् महिने गप्प होत्या, निदान वाद तरी घालायला लागल्या. हबक्कूकाचं अजून काढलेलं नाही, एकदम सगळं नको.

यजमानांना दारव्हेकरांचं उत्तर दाखवलं. आजोबांचं वाचून ते हसले नाहीत, एरवी अशा गोष्टींना हसतात. उपासनेला येईन असं काही म्हणाले नाहीत. लिलावाला येतील, कोहळे आमच्याच वावरातले आहेत आणि ते उचलायला माणूस लागतो.

आणखी एक. डिसेंबरात तेच प्रचारक परत येणार आहेत म्हणे, आणि या वेळी मंडप आमच्या मंडळीच्या आवारात हवाय. सभा होऊ द्यावी, पण पाकिटं वाटू देऊ नयेत आणि अर्पण मंडळीच्याच पेटीत, सगळ्यांसमोर मोजून व्हावं, असा अर्ज कमिटीपुढे ठेवायचा विचार आहे. कोणाच्या मंडळीने असं लेखी दिलं असेल तर मजकूर इथे टाका. कमिटीत चार पुरुष आहेत आणि त्यातल्या दोघांनी स्वतः पाकीट भरलं होतं, त्यामुळे भाषा जरा सांभाळूनच लागेल.

दारव्हेकर

आमच्या मंडळीनं असा ठराव केला हाय. ठराववहीचा फोटो काढून उद्या टाकतो. अक्षर माहंच हाय, समजून घेजा.