किनाबालू चढायचा आहे, पण भीती उतरण्याची वाटते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी शहाद्याची, वय ५४. मुलगी नोकरीसाठी क्वालालंपूरला असते. दिवाळीत तिच्याकडे जाणार आहे आणि तेव्हाच बोर्निओतला माउंट किनाबालू (४०९५ मीटर) दोघींनी चढायचा असं ठरतंय. परवाना आणि वरच्या मुक्कामाची जागा आधीच घ्यावी लागते. ती रोज विचारते, "आई, पैसे भरू ना?" मी अजून हो म्हटलेलं नाही.

चालण्याची मला सवय आहे. अस्तंभ्याची यात्रा सात वेळा केली. धडगावकडचा हा अश्वत्थाम्याचा डोंगर जेमतेम सव्वातेराशे मीटरचा, पण दिवाळीच्या थंडीत रात्रभर चालून तो चढायचा म्हणजे कस लागतो. किनाबालूवरही शेवटच्या टप्प्याला रात्री दोन-अडीचलाच निघतात. तिथल्या कादाझान-दुसून लोकांची श्रद्धा आहे की पूर्वजांचे आत्मे त्या डोंगरावर विसावतात. हे कळल्यापासून तो डोंगर मला परका वाटत नाही.

अडचण गुडघ्याची आहे. गेल्या वर्षी अस्तंभ्याहून उतरताना उजवा गुडघा वाटीखाली दुखायला लागला. चढताना काहीच नव्हतं. शेवटचा उतार आडवी पावलं टाकत उतरले, आणि घरी चार दिवस कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येईना. डॉक्टर म्हणाले, झीज सुरुवातीची आहे, मांडीचे स्नायू बळकट करा. सासूबाईंचं एकच, "आते ह्या वयमा कसाले डोंगर चढस?"

मी हिशेब मांडून पाहिला. पहिल्या दिवशी तिम्पोहोन गेट (१८६६ मीटर) ते वरचा मुक्काम पानालाबान (३२७२ मीटर), साधारण सहा किलोमीटर, बहुतेक पायऱ्याच. दुसऱ्या दिवशी पहाटे शिखर, आणि त्याच दिवशी थेट गेटपर्यंत खाली. म्हणजे एका दिवसात २२०० मीटरपेक्षा जास्त उतार! आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजलं तरी १६४६ मीटर भरतं.

चढाईबद्दल सगळे सांगतात, उतरण्याबद्दल कोणी सांगत नाही. माझ्या हातात चार महिने आहेत. तेवढ्यात गुडघा तयार होईल का? शहाद्यात सपाट रस्ता, वर उन्हाचा ताप. सराव करायचा कुठे? काठ्या एक घ्यावी की दोन?

प्रतिसाद

ताई, भीती रास्त आहे. मी किनाबालू केलाय. चढून आलो तेव्हा ठीक होतो, पण शेवटच्या दोन किलोमीटरला मांड्या थरथरत होत्या.

उतरताना मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो, ताणला जात असतानाच भार पेलतो. चढून चढून ती ताकद येत नाही, त्यासाठी उतरण्याचाच सराव लागतो. घरच्या एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय अगदी सावकाश खाली टेकवायचा, रोज दोन्ही पायांवर. पंधरा दिवसांनी तोरणमाळ घाटात जा. वर गाडीने जा, खाली पायी या. थोड्या उतारापासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला वाढवा. वाटीखाली कळ आली की तिथेच थांबा.

काठ्या दोन घ्या. पण सायात-सायात या तपासणी चौकीच्या वर उघड्या ग्रॅनाइटवर दोर धरून चालायचं असतं, तिथे त्या पाठपिशवीला बांधा. बूट पुढे किंचित मोकळे हवेत, नखं कापून जा, नाहीतर अंगठे सुजतात.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगतो. दिवाळीच्या सुमारास तिथे पाऊस जास्त असतो, आणि ओल्या पायऱ्यांवर गुडघ्याची खरी परीक्षा होते. त्या मानाने फेब्रुवारी ते एप्रिल कोरडा. दुसरं, उतरताना पानालाबानला आणखी एक रात्र मिळते का, हे मुलीला विचारायला सांगा. शिखरापासून तिथवर सव्वाआठशे मीटर, उरलेले चौदाशे दुसऱ्या दिवशी.

वर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच प्राणवायू. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. गोळी चालू आहे, सोमवारी डॉक्टरांकडे जाते. मुलीला मार्चबद्दल आणि दुसऱ्या रात्रीबद्दल आत्ताच कळवलं. माझ्यासाठी महिना महत्त्वाचा नाही, तिच्यासोबत जाणं महत्त्वाचं आहे. तोरणमाळ घाटात पहिल्या दिवशी किती किलोमीटर उतरू, तेवढं सांगाल का?

प्रतिसाद

तीन. तेही सकाळी सातच्या आत.