मदत हवी आहे: आईबाबांना अमेरिकेला पाठवायचंय, लांबच्या फ्लाइटमध्ये सीटचं काय करू?

सोनचाफा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालंय असं की भाऊ-वहिनी सॅन होजेला असतात आणि वहिनीची डिलिव्हरी फेब्रुवारीच्या शेवटी आहे, त्यामुळे आईबाबांनी जानेवारीच्या मध्याला निघायचं असं सगळ्यांनी ठरवलंय, सगळ्यांनी म्हणजे आई सोडून. आई म्हणते बारसं मी व्हिडिओवर बघीन पण त्या सीटवर परत बसणार नाही. आणि तिचं चुकतंय असंही नाही. २०२३ ला दोघं गेले होते तेव्हा तिकीट मीच काढलेलं, आखातातून बदलायचं होतं, दुसरी फ्लाइट जवळजवळ सोळा तासांची. सीट निवडायला वेगळे पैसे मागत होते, मी म्हटलं कशाला, काउंटरवर देतीलच की. दिल्या, दोघांना वेगवेगळ्या रांगेत आणि दोन्ही मधल्या. आईचा डावा गुडघा बदललेला आहे, उजवा रांगेत उभा आहे. उतरताना पाय इतके सुजले की चपलेत जाईनात, नुसत्या सॉक्सवर व्हीलचेअरवर बसून बाहेर आली. बाबा सहा फुटी, पुढच्याने सीट मागे टाकली की यांचे गुडघे त्याच्या पाठीत, आणि प्रोस्टेटमुळे त्यांना दर दीड-दोन तासांनी उठावं लागतं, प्रत्येक वेळी शेजारच्याला जागं करायची लाज वाटते म्हणून त्यांनी पाणीच प्यायचं बंद केलं. हे मला त्यांनी सहा महिन्यांनी सांगितलं.

आई ६८, बाबा ७३. राहतो साताऱ्याला, म्हणजे मुंबई एअरपोर्टलाच पाच-सहा तास गाडीत जातात ते वेगळे. बिझनेस क्लास परवडणार नाही. पण इकॉनॉमीवर माणशी तीस-चाळीस हजार जास्त गेले तरी चालतील असं भाऊ म्हणतोय. कुठली एअरलाइन घेऊ? सरळ फ्लाइट बरी की मध्ये थांबणारी? प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे खरंच काही असतं की नुसता वेगळ्या रंगाचा पडदा? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, जाहिरातीतले फोटो मी बघितलेत.

ठाणेकर_आता_डॅलस:

ताई, तुमचा प्रश्नच थोडा फिरवून विचारायला पाहिजे. एअरलाइन कुठली हे नंतर, आधी विमान कुठलं ते बघा. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बोइंग ७७७ आलं तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी एका आडव्या ओळीत नऊ सीट ठेवलेल्या, आता बहुतेकांनी दहा कोंबल्यात, तीन-चार-तीन, म्हणजे साधारण सतरा इंच रुंदी. बाबांचे खांदे रुंद असतील तर सोळा तास ते तिरके बसणार. एअरबस ए३५० मध्ये बहुतेक ठिकाणी नऊच असतात, अठरा इंचाच्या आसपास मिळतात. ए३८० मध्ये खालच्या मजल्यावर दहाच असतात पण मुळात विमानाचं पोटच मोठं, त्यामुळे तिथेही अठरा. एक इंच ऐकायला काहीच नाही, पण मी दोन्ही केलंय, सतराच्या सीटमध्ये शेजारच्याचं कोपर आपलंच वाटायला लागतं.

बोइंग ७८७ ची तर गंमतच. बोइंगने ते आठ सीटच्या हिशोबाने मांडलं होतं, जवळजवळ सगळ्यांनी नऊ केल्या. जपान एअरलाइन्सने लांबच्या विमानांत आठ ठेवल्या, म्हणून त्यांचं सगळे कौतुक करतात, पण तुम्हाला टोकियोमार्गे पाठवायचंय का दोन म्हाताऱ्या माणसांना?

बुकिंग करताना विमानाचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघा आणि एरोलोपा नावाच्या साइटवर त्या कंपनीच्या त्या विमानाचा सीटचा नकाशा काढा. फक्त लक्षात ठेवा, ऐनवेळी विमान बदलू शकतं. माझं दोनदा बदललंय.

विमानवेडा:

वरच्याशी सहमत, थोडी भर घालतो. सगळे सीट पिच सीट पिच करतात. पिच म्हणजे तुमच्या सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर, पाय ठेवायची मोकळी जागा नाही. इकॉनॉमीत सर्रास ३१-३२ इंच. आता ३१ मध्ये पाठ पातळ असेल तर गुडघ्याला जागा जास्त मिळते आणि ३२ मध्ये जुनी जाड गादी असेल तर कमी. पण पातळ सीटचा दुसरा हिशोब आठव्या तासाला कळतो, बुडाखालची पट्टी टोचायला लागते. बाबांसाठी पातळ पाठ, आईसाठी जाड गादी, असं एकच विमान मिळत नाही :)

अजून एक, हवा. जुन्या विमानांत केबिनमधला दाब आठ हजार फुटांवर असल्यासारखा असू शकतो, ७८७ आणि ए३५० मध्ये तो सहा हजारांच्या आसपास ठेवतात. तुम्ही साताऱ्याचे म्हणून सांगतो, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. तर महाबळेश्वरच्या थोडं वर बसून राहायचं की त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, हा फरक आहे. या दोन्ही विमानांत हवा थोडी कमी कोरडी पण असते. माझ्या आईला त्याने डोकं कमी दुखलं असं ती म्हणते, वैज्ञानिक पुरावा म्हणून धरू नका.

मनीमाऊ७:

आमच्याकडे सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत. एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. कडेची सीट घ्या एवढं सगळे म्हणतात, पण कुठल्या बाजूची कड? आईंचा डावा पाय लांब करायचाय ना, मग वाट त्यांच्या डाव्या हाताला पाहिजे. तीन-चार-तीन असलेल्या विमानात म्हणजे डी किंवा एच अक्षराची सीट. सी आणि जी घेतलीत तर वाट उजवीकडे येईल आणि डावा पाय तसाच दुमडलेला. आम्ही पहिल्यांदा सी घेतली होती, सासूबाई अख्खा प्रवास माझ्याकडे बघत होत्या.

दुसरं, सीटच्या कडेच्या हाताला (आर्मरेस्टला) खाली बिजागरीजवळ बऱ्याच विमानांत एक बटण लपलेलं असतं, ते दाबलं की वाटेकडचा हात पण वर होतो. गुडघे न वाकवता बाजूला फिरून उठता येतं. सापडलं नाही तर एअर होस्टेसला विचारा, ती करून देते. जेवणाची ट्रॉली आली की पाय आत घ्यायला सांगून ठेवा मात्र, एकदा ट्रॉली नडगीला लागली तर सगळं मुसळ केरात.

सोनचाफा:

बापरे किती छान माहिती! मनीमाऊ, डी आणि सी चं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण मग मी विचार करतेय की इमर्जन्सी दाराजवळची रांग का नको, पैसे भरून मिळते आणि पाय ताणायला भरपूर जागा असते, बाबांना पण बरं?

विमानवेडा:

नाही मिळणार. तिथे बसणाऱ्याला गरज पडल्यास दार उघडायला मदत करावी लागते, व्हीलचेअर मागवलेल्या प्रवाशाला ती सीट देतच नाहीत. आणि दिली तरी दाराजवळ पायाला गार लागतं. तुम्हाला वाटेल की मग भिंतीसमोरची पहिली रांग घेऊ. तिथे गुडघ्यासमोर कुणी सीट टाकत नाही हे खरं, पण टेबल आणि स्क्रीन हातातच बसवलेले असल्यामुळे मधला हात वर होत नाही, सीट थोडी अरुंद होते, आणि टेकऑफ-लँडिंगला बॅग खाली ठेवता येत नाही, औषधं वर. शिवाय बाळांचे पाळणे तिथेच लावतात.

चकलीभाजणी:

बाळांचं काय एवढं, आजीआजोबा बाळासाठीच चाललेत ना!

मी प्रीमियम इकॉनॉमीच्या बाजूने. नुसता पडदा नाहीये तो. ३८ इंचाच्या आसपास पिच, सीट रुंद, पायाखाली काहीतरी टेकू असतो आणि एका ओळीत माणसं कमी. मी गेल्या वर्षी गेले तेव्हा इकॉनॉमीच्या पावणेदोन पट पडलं, म्हणजे तुमच्या तीस-चाळीस हजारांत बसेलच असं नाही. पण दोन टप्प्यांपैकी फक्त मोठ्या टप्प्याला घेता येतं का बघा. सरळ झोपता येत नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आईबाबा म्हणतील एवढे पैसे घालवलेस आणि सीट पूर्ण मागे पण जात नाही. माझ्या वडिलांनी हेच म्हटलं. नंतर अख्ख्या कॉलनीला कौतुकाने सांगत होते तो भाग वेगळा.

ठाणेकर_आता_डॅलस:

सरळ की थांबून याचं उत्तर राहिलं. माझं मत, गुडघे असतील तर थांबून, आणि थांबा मधोमध पाहिजे. आखातातून गेलं की तीन तास आणि मग सोळा तास, ती विभागणी नाही, ती शिक्षा आहे. युरोपातून साधारण नऊ आणि बारा असे पडतात. मध्ये तीन-चार तास तरी ठेवा, व्हीलचेअर असेल तर दोन तासांचं कनेक्शन घेऊ नका. सरळ फ्लाइट भारतीय कंपनीची असेल तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद झाली, त्यामुळे ती वळसा घालून जायला लागली आणि काही फेऱ्यांना मध्ये इंधनाला थांबवलं, तेव्हा तासांचा हिशोब बुकिंगच्या दिवशी बघा.

मनीमाऊ७:

मला नाही पटत. वय झालेल्यांना परक्या एअरपोर्टवर उतरवायचं, सिक्युरिटी परत करायची, बूट काढायचे... एकदा बसलं की एकदाच उठावं. सासूबाई तर म्हणतात विमान बदलताना जेवढं दमायला होतं तेवढं विमानात नाही होत.

फिजिओताई:

दोघांचंही बरोबर आहे, पण पायांच्या दृष्टीने थांबा बरा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांपेक्षा जास्त वेळ हलता न येता बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, मुळात धोका कमीच असतो, दर सहा हजारांत एक असा त्यांचा अंदाज होता. पण वय, गुडघ्याची शस्त्रक्रिया, कमी पाणी, हे सगळं बेरजेत येतं. आईंचं ऑपरेशन कधी झालं? गेल्या दोन-तीन महिन्यांतलं असतं तर सर्जनला विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका म्हटलं असतं.

घट्ट मोजे, गुडघ्याखालपर्यंतचे, पिंडरीचं माप घेऊन घ्या आणि सकाळी सूज नसताना घाला. मधुमेह किंवा पायाच्या रक्तपुरवठ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाला घोटे वरखाली, वीस वेळा. दोन तासांनी उठून मागच्या किचनपर्यंत चक्कर. झोपेची गोळी नको, त्याने माणूस आठ तास एकाच कुशीवर राहतो. आणि कमरेत ती फुगवायची उशी वगैरे काही नको, एक पंचा गुंडाळी करून ठेवला की काम होतं. बाबांना सांगा पाणी बंद करायचं नाही. लाज वाटते म्हणून सीट बदला, पाणी नाही.

सोनचाफा:

ऑपरेशनला तीन वर्षं झाली फिजिओताई, शुगर नाहीये. पण मग घोळ असा होतोय की बाबांना पण कड पाहिजे. सी आणि डी अशा वाटेच्या दोन्ही बाजूच्या घेतल्या तर दोघांनाही कड मिळते, पण आई म्हणते शेजारी परका पुरुष असेल तर मला झोप लागत नाही, डोकं त्याच्या खांद्यावर पडलं म्हणजे? यावर मी काय बोलणार.

विमानवेडा:

मग जोडीची सीट शोधा. ए३३० मध्ये दोन-चार-दोन असतं, खिडकीकडे दोनच सीट, तिसरा माणूसच नाही. मुंबईहून युरोपला ए३३० जातात. आणि ७७७ मध्ये शेपटीकडे विमान निमुळतं होतं ना, तिथे शेवटच्या काही रांगांत बऱ्याच कंपन्यांकडे खिडकीच्या तीनऐवजी दोनच सीट असतात, सीट आणि भिंतीमध्ये थोडी फट पण मिळते, पिशवी राहते. अगदी शेवटची रांग सोडा, तिथे सीट नीट मागे जात नाही. टॉयलेट जवळ, म्हणजे रांग आणि आवाज असणार, हादरे पण मागे जास्त जाणवतात. डाव्या गुडघ्यासाठी उजवीकडची जोडी घ्या.

सोनचाफा:

अपडेट देते. काल रात्री भावाबरोबर तीन तास बसून काढलं एकदाचं. युरोपमार्गे, पहिला टप्पा ए३३०, दुसरा ७७७, मध्ये पावणेचार तास. दोन्हीकडे उजवीकडची जोडी, दुसऱ्यात शेवटून तिसरी रांग. चारही सीटचे मिळून, म्हणजे दोन माणसं दोन टप्पे, साडेअठरा हजार गेले, प्रीमियम बघितलं पण माणशी नव्वद हजार फरक येत होता. व्हीलचेअर बुकिंगमध्येच टाकली. व्हॅलिड अमेरिकन व्हिसा आहे त्यामुळे मधल्या एअरपोर्टवर वेगळा व्हिसा लागत नाही हे एअरलाइनला फोन करून विचारून घेतलं.

आई कडेला, बाबा खिडकीला. आता तुम्ही म्हणाल बाबा दर दोन तासांनी आईला उठवणार. तर हो, उठवणारच. फिजिओताईंनी आईला दर दोन तासांनी चालायला सांगितलंय, ती आपणहून कधी उठणार नव्हती, गजर लावला तर बंद करून झोपली असती. आईला हे सांगितलं तर म्हणाली चाळीस वर्षं तेच करतायत, विमानात काय वेगळं. म्हणजे येते म्हणाली असं मी समजतेय.

आता शेवटचा प्रश्न, वहिनीसाठी डिंकाचे लाडू हातातल्या बॅगेत चालतात का? आणि साजूक तूप?

चकलीभाजणी:

लाडू खुशाल न्या, तिकडे उतरल्यावर खायचे पदार्थ आहेत असं कस्टमला सांगायचं, लपवायचं नाही. तूप हातातल्या बॅगेत नको, शंभर मिलीच्या वर काढून घेतात, ते मोठ्या बॅगेत, झाकणाला टेप लावून दोन पिशव्यांत. आणि लाडू थोडे जास्त करा, विमानात बाबा सोडणार नाहीत.