मदत हवी आहे: जुन्या बीएमएक्सचा स्टेम फोर्कमध्ये जाम

सायकल बीएमएक्स (छोट्या चाकांची, शर्यती-कसरतींची), 80च्या दशकातली अमेरिकन बनावटीची, चाकं 20 इंची. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) क्रोम चढवलेल्या स्टीलचे, स्टेम (हँडल धरणारा, फोर्कच्या नळीत उतरणारा दांडा) ॲल्युमिनियमचा. क्रँक (पेडलचे दांडे) वन-पीस, म्हणजे दोन्ही दांडे आणि आस एकसंध, तो सुटला: डाव्या बाजूचा नट आणि कोन (बेअरिंग दाबून धरणारा शंकू) उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडायचे. (इथेच बहुतेकांचे आटे जातात.)

अडलंय ते स्टेमपाशी. त्याचा बोल्ट तीन फेरे सैल करून वरून लाकडी ठोकळा ठेवून ठोकला, स्टेमला नळीत आवळून धरणारी खालची पाचर सुटली. तरी स्टेम जागचा हलत नाही. ॲल्युमिनियम आणि स्टीलमध्ये ओल राहून पांढरी गंज-भुकटी फुगली आहे. सायकल उलटी करून फोर्कच्या नळीतून खालून पेनिट्रेटिंग तेल (जाम सांध्यात झिरपणारं) सोडलं, दोन दिवस झाले.

गरम करायची भीती वाटते. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, मग पकड आणखी घट्ट होणार ना? उलट बर्फाने आकसवून पाहिलंय का कुणी? कॉस्टिक सोड्याने स्टेम विरघळेल, स्टील वाचेल, पण हा 21.1 मिमी जाडीचा मूळ स्टेम आहे. नेहमीचा 22.2 मिमीचा या नळीत जात नाही, त्यामुळे तो वाचवायचाच आहे.

दुसरं, क्रोमवरच्या गंजाचे ठिपके ऑक्झॅलिक ॲसिडने काढायचेत, पण फ्रेमवरचे मूळ स्टिकर टिकायला हवेत. लिटरला किती ग्रॅम, आणि किती वेळ?

टायर घेताना जपा: 20 x 1.75 आणि 20 x 1 3/4 एक नव्हेत. पहिल्याच्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास 406 मिमी, दुसऱ्याचा 419.