पोर्श ९४४, १९८६: वॉटर पंप गळतोय. नुसता पंप बदलला तर चालेल का?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. मागच्या थंडीत एका आजोबांकडून १९८६ ची ९४४ घेतली. साधी, आठ व्हॉल्व्हची, अडीच लिटर इंजिन, टर्बो वगैरे नाही. रविवारची गाडी. रोज ऑफिसला जायला दुसरी आहे, त्यामुळे बायकोची तक्रार फक्त गॅरेजमधल्या जागेपुरतीच.

आता दुखणं. सकाळी गाडीखाली, पुढच्या बाजूला हिरवं पाणी साचलेलं दिसतं. वास गोडसर, म्हणजे कूलंटच. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहिलं तर बेल्टच्या कव्हरच्या मागून थेंब ओघळतायत. इंजिन चालू असताना त्याच बाजूने बारीक खरखर येते. तापमानाचा काटा एरवी मधे असतो, पार्कवेवर गर्दी लागली की वर सरकतो.

इथल्या एका गॅरेजवाल्याने पाहिलं आणि पंप, दोन्ही बेल्ट, रोलर, ऑईल सील अशी यादीच हातात ठेवली. मजुरी पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट. बेल्ट तर वरून पाहिले की छान काळे, कुठे भेग नाही. मग नुसता पंप बदलू का? आणि हे काम घरी जमेल का? ब्रेक, क्लच केबल, आल्टरनेटर असली कामं वडिलांच्या पद्मिनीवर केलेली आहेत. बेल्टची कागदपत्रं आजोबांकडे नव्हती.

भोसरी_टूलरूम

पद्मिनीचा पंप म्हणजे फॅनबेल्ट काढा, चार बोल्ट, नवीन पॅकिंग, तासाभरात चहा. तो हिशोब इथे लावू नका एवढंच सांगतो. बाकी पोर्शचं मला काही कळत नाही, पण अॅल्युमिनियममध्ये चाळीस वर्षं बसलेल्या बोल्टबद्दल थोडं कळतं. ते नंतर लिहितो, आधी जाणकार येऊ द्या.

स्पॅनर१३

एडिसनकर, पहिली गोष्ट: आजपासून गाडी चालू करू नका. गॅरेजच्या दारापर्यंतसुद्धा नाही. खाली ट्रे ठेवा आणि सांडलेलं लगेच पुसा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल कुत्र्यामांजरांसाठी विष असतं आणि गोड लागतं म्हणून ती चाटतात.

आता का ते सांगतो. तुमच्या पद्मिनीत पंप गेला तर गाडी तापते, रस्त्याकडेला उभी राहते, बाटलीभर पाणी ओतून घरी येता. ९४४ मध्ये पंपाची पुली टायमिंग बेल्टच्या पाठीवर फिरते. म्हणजे जो बेल्ट कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो तोच पंपही फिरवतो. तुम्हाला ऐकू येणारी खरखर पंपाच्या बेअरिंगची असेल (बहुतेक आहेच) आणि ते एक दिवस अडकलं, तर बेल्टचे दात सोलून निघतील. हे इंजिन असं आहे की कॅमचं टायमिंग हुकलं की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. मग हेड उतरवा आणि वाकलेले व्हॉल्व्ह बदला. गॅरेजवाल्याची यादी त्यापुढे किरकोळ वाटेल. तो तुम्हाला लुटत नाहीये. मी मिशिगनमध्ये बसून त्याची बाजू घेतोय म्हणजे बघा.

बेल्ट काळा आणि गुळगुळीत दिसतो यावरून काहीही कळत नाही. रबर आतल्या दोऱ्यांपाशी थकतं. शिवाय पुढच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर तो दातांच्या बाजूने भिजलेला असतो, आणि ती बाजू वरून दिसतच नाही. कागद नाहीत म्हणजे बेल्ट जुना असं धरूनच चालायचं. माहितीतले ९४४ वाले साधारण ३० हजार मैल किंवा चार-पाच वर्षं, जे आधी होईल ते, असं पाळतात. तुमच्यासारख्या रविवारच्या गाडीला वर्षंच आधी भरतात.

आणि पंपापर्यंत पोचायला दोन्ही बेल्ट काढावेच लागतात. दोन म्हणजे एक कॅमचा आणि एक बॅलन्स शाफ्टचा. हे इंजिन पोर्शच्याच ९२८ गाडीच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनावरून आलेलं, एवढं मोठं चार सिलिंडरचं इंजिन हलणारच. म्हणून त्यात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट आहेत. त्याचं पेटंट मित्सुबिशीकडे होतं, पोर्शने परवाना घेतला. बॅलन्स शाफ्टचा दात चुकला तर इंजिन मरत नाही, नुसतं थडथडतं. कॅमचा चुकला तर वर सांगितलंय.

तेव्हा सगळं उघडलंच आहे तर पंप, दोन्ही बेल्ट, सगळे रोलर, क्रँकचं पुढचं सील, कॅमचं सील, बॅलन्स शाफ्टची सीलं आणि थर्मोस्टॅट हे एकाच बैठकीत करा. नवीन पंपावर जुना रोलर ठेवून पैसे वाचवणाऱ्याला मी कंजूसही म्हणणार नाही, कारण कंजूस माणूस तेच काम दोनदा करत नाही.

घरी जमेल का? ब्रेक आणि क्लच केबल केलेत ना, मग जमेल. पण घाई करणाऱ्याचं हे काम नाही. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), खालचं पत्र्याचं कव्हर बाहेर, रेडिएटरचे पंखे बाहेर. पंखे काढले की समोर हात घालायला खरी जागा मिळते. डिस्ट्रिब्युटर या इंजिनात पुढेच, कॅमच्या टोकाला आहे, त्यामुळे कॅप आणि रोटरही निघतात.

क्रँकचा बोल्ट २४ मिलिमीटरचा आणि २१० न्यूटन-मीटरला कसलेला असतो. तो सोडवायला फ्लायव्हील अडवणारं हत्यार हवंच. ते स्टार्टर मोटरच्या जागी बसतं. गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून, बायकोला सीटवर बसवून सोडवू नका.

बेल्ट काढायच्या आधी इंजिन टायमिंगला आणा. क्लचच्या घरट्याला खिडकी आहे, तिथून फ्लायव्हीलवर ‘ओटी’ असं कोरलेलं दिसतं. म्हणजे पहिला पिस्टन सगळ्यात वर. त्याच वेळी कॅमच्या पुलीवरची खूण जुळायला हवी. फोटो काढा, रंगाचे ठिपके मारा. इंजिन हाताने फिरवायचं ते फक्त घड्याळाच्या दिशेने.

थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडात सर्क्लिपने (स्प्रिंगच्या कड्याने) बसतो. त्या सर्क्लिपने भल्याभल्यांना शिव्या शिकवल्यात. पंप टेबलावर असतानाच बसवून घ्या, गाडीवर चढवल्यावर नाही. सीलचा क्रम जुना काढताना बघून ठेवा.

पैसा_जपून

एक शंका. बेल्ट चांगले दिसतायत, पंपाचं फक्त सील गेलं असेल. थोडं कूलंट टाकत टाकत उन्हाळा काढता येणार नाही का? रेडिएटरमध्ये टाकायचं लीक बंद करणारं औषध मिळतं.

स्पॅनर१३

नाही. पंपाला खाली बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. म्हणजे तिथून थेंब आला की पंपच सांगतोय, माझं झालं. ते औषध रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजवतं, पंपाचं सील बंद होत नाही. अॅल्युमिनियमचं हेड आणि लायनर नसलेला अॅल्युमिनियमचाच ब्लॉक, तो तापवून बघायचा नसतो.

भोसरी_टूलरूम

आता बोल्टचं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत. बोल्ट उलटा फिरवायच्या आधी कणभर घट्ट करून बघा, गंजाची पकड सुटते. हलला तर थोडा सोडा, थोडा परत कसा, असं मागेपुढे. अडलाच तर बोल्टला नाही, भोवतालच्या अॅल्युमिनियमला गरम करा. आणि हॉट एअर गनने, गॅसच्या ज्योतीने नको, जुने पेट्रोलचे होज जवळच असणार.

तुटला तर घाबरू नका. बरोबर मध्यावर पंच मारा, मग डाव्या दिशेचं ड्रिल वापरा. कित्येकदा ड्रिल करता करताच तुकडा फिरून बाहेर येतो. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे निघाले तर पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्या जागेचा त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घातला की तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं कसला गेला, आणि पॅकिंग ओलं राहतं.

जुनं पॅकिंग काढताना पॉलिश पेपरची चाकं ड्रिलला लावून घासू नका. अॅल्युमिनियम खड्ड्यात जातं. प्लास्टिकची पट्टी आणि सबुरी.

एडिसनकर

दोघांचेही आभार. पंप नवा घ्यावा की दुरुस्त केलेला? आणि बेल्टचा ताण त्या खास गेजशिवाय जमेल? यूट्यूबवर एकजण अंगठ्याने दाबून बघतोय.

स्पॅनर१३

पंप: चेसिस नंबर देऊनच मागवा, आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांचे पंप वेगळे आहेत. दुरुस्त केलेला घेणार असाल तर खोक्यातून काढल्यावर शाफ्ट हाताने फिरवून आणि हलवून बघा, किंचितही खेळ असेल तर तिथेच परत. जुन्या पंपाची अनामत असते, त्यामुळे जुना टाकून देऊ नका.

ताण: १९८७ पासून बेल्टला ताण देणारा स्प्रिंगचा टेन्शनर आला, तुमची ८६ ची, म्हणजे ताण तुम्हालाच द्यायचाय. सैल राहिला तर बेल्ट दात चुकवतो. जास्त झाला तर इंजिन रडल्यासारखा आवाज येतो आणि हाच नवा पंप बेअरिंगमधून जातो. त्यामुळे अंगठेवाल्याला नमस्कार करा आणि गेज मिळवा. पी-९२०१ हे पोर्शचं मूळ, महाग आहे, पण ९४४ वाल्यांच्या क्लबमध्ये कुणीतरी उसनं देतं. नवीन कॅम बेल्टला त्यावर ४.० दिसायला हवं, बॅलन्सच्या बेल्टला २.७, दोन्हीकडे ०.३ ची सूट. इंजिन पूर्ण थंड असताना. आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघायचं आणि मगच मोजायचं. नवा बेल्ट ताणतो, म्हणून साधारण दोन हजार मैलांनी पुन्हा तपासा.

भरताना फॉस्फेट नसलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं निम्मं. हीटर पूर्ण गरमवर, नाक थोडं उंच, हेडच्या पुढच्या टोकाला हवेचा स्क्रू आहे तो सैल करून ठेवा. बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. तो स्क्रू पितळी आणि बारीक असतो, हळू हाताने.

आणि खाली छोटा निळा प्लास्टिकचा टब ठेवू नका, तो भरतो. मोठा घ्या.